कुडातला हात

आमच्या भागात म्हातारी माणसं अजून पोरांना भीती घालतात. तलावाच्या भिंतीवर भर बाराच्या वेळी जाऊ नका, तिथं देवीची बाई फिरते. एका डोळ्यानं बघते आणि न बोलता हात धरते. ही गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली हे कुणालाच ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. ती माझ्या तोंडातून निघाली.

मी तिसरीपर्यंत शिकलोय. तेव्हाची तिसरी म्हणजे आताची दहावी, ह्यावर कुणी वाद घालू नये. अक्षर माझं अजून सरळ येतं. हे कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. जन्मात कुणापुढं मान खाली घातली नाही आणि आताही घालणार नाही, पण जे घडलं ते एकदा कागदावर असावं. त्या वेळची कामावरची मोठी माणसं सगळी गेली. मी तेवढा उरलोय.

बहात्तरचा दुष्काळ. मिरजगावच्या पुढं, सडकेपासून आत पाझर तलावाचं काम निघालं होतं. पाच-सहा गावांची माणसं तिथंच पालं टाकून राहिली होती. गडी खणायचे, बाया पाट्या वाहायच्या. मी मुकादम. गळ्यात पत्र्याची शिट्टी, ती वाजली की शेकडो माणसं उठायची आणि वाजली की बसायची. तो रुबाब वेगळाच होता. बायांची लहान पोरं बाभळींच्या बुडाला दिवसभर वाऱ्यावर. एक दिवस एक पोरगं रांगत ट्रकच्या चाकाखाली जाता जाता राहिलं, तेव्हा वरच्या साहेबांनी पोरांसाठी एक बाई पाठवायची ठरवली.

ती आली तो दिवस मला दिसतो. दुपारचं ऊन एवढं होतं की सडकेवर पाणी साचल्यासारखं हलत होतं. त्यात आधी निळं लुगडं दिसलं, मग डोकं. पाय नव्हतेच. लुगडं नुसतं हवेतून आमच्याकडं येत होतं. पाटी घेऊन चाललेली एक बाई जागेवर थांबली आणि म्हणाली, "अगं आई, ह्ये काय येतंय?" जवळ आली तेव्हा पाय दिसले, अनवाणी. तोंडही दिसलं. लहानपणी देवी येऊन गेल्यानं सगळं तोंड भोकाभोकांचं झालेलं, डावा डोळा सोललेल्या लसणीसारखा पांढरा. उजव्या हाताची करंगळी कधीतरी मोडून वाकडी जुळलेली. मूठ मिटली तरी ती करंगळी बाहेरच राहायची, फांदीसारखी.

नाव सांगितलं, अनसूया. नेवाशाकडची. लोकांनी त्याच संध्याकाळी नाव ठेवलं, देवीची बाई.

पहिल्याच दिवशी माझ्या भावकीतला नामा, पाच वर्षांचं पोरगं, बाईंचं तोंड बघून किंचाळला. बाई त्याच्यापुढं उकिडव्या बसल्या.

"भ्यालास? बराबर हाय. मीबी आरशात बघून भ्याले हुते. आता नीट बघ. काय काय दिसतंय?"

"भोकं."

"किती?"

"लई."

"आनि?"

"डोळा पांढरा हाय."

"आनि?"

नामानं बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "तुमी हसताय."

थोड्या वेळानं बघतो तर ते पोरगं बाईंच्या गालावरची भोकं बोटानं मोजत बसलेलं. वीसच्या पुढं त्याला येत नव्हतं, तर परत एकपासून.

बाईंचा आवाज कधी चढला नाही. पोराला लांबून हाक मारायची त्यांना सवयच नव्हती. चालत जवळ जायच्या, आधी त्याचा हात हातात घ्यायच्या आणि मग बोलायच्या. चालताना पायांचा आवाज नाही. मी दोनदा दचकलो होतो, मागं वळलो तर बाई उभ्या. एवढी पोरं त्या बाभळींखाली, पण गलका नाही. बाया मला म्हणायच्या, "मुकादम, आमची पोरं रडंनात, भांडंनात. ह्ये बरं लक्षन न्हाई."

बाईंचा एक खेळ होता. दोन खांबांना एक जुनी काळी घोंगडी बांधलेली, तिला भोकं पाडलेली. अर्धी पोरं पलीकडं. त्यातलं एक भोकातून हात बाहेर काढायचं. अलीकडच्यांनी डोळे मिटून तो हात चाचपायचा आणि कुणाचा ते सांगायचं. पण नाव शेवटी घ्यायचं. आधी तो हात दुसऱ्या हातांपेक्षा वेगळा कसा ते सांगायचं. आणि एक नियम बाईंनी घातला होता, चांगला म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, घाण म्हणायचं नाही.

"कसा हाय ते सांग. बरा-वाईट मी इचारलंच न्हाई."

मग पोरं सांगायची. खरबरीत हाय. आंगठ्याला फोड हाय. गार हाय. ह्यो गुलाब तांबोळ्याचा. ह्याचं मधलं बोट लांब हाय आनि नखं आखूड हायेत, कोंडीचा. कोंडी ही पारध्याची पोर, सात वर्षांची, केसांच्या जटा झालेली, डोळे घारे. कामावर तिच्या माणसांचं पाल सगळ्यांपासून लांब असायचं. पाण्याची मडकी ज्याची त्याची वेगळी, आणि ती तशी राहावीत हे बघणारा मी. इथं नामा डोळे मिटून कोंडीचा हात दोन्ही हातांनी धरून बसलेला. दुपारी खायला सरकारी सुकडी वाटायच्या तीही ह्याच्या ओंजळीतून त्याच्या ओंजळीत.

नाम्याच्या आईनं माझ्याकडं गाऱ्हाणं आणलं. मी गेलो.

"बाई, ज्याची त्याची पायरी हाय. पोरांस्नी असं एकमेकांच्या हातात देऊ नका."

"मुकादम, घोंगडीआडनं मला तर पायरी दिसली न्हाई. तुमी बसून बघता का?"

"मला खेळ खेळायला येळ न्हाई."

"मग खडा तरी घ्या."

त्या दिवशी खड्यांचा खेळ होता. खडीच्या ढिगातून एकेक खडा उचलायचा, दिवसभर मुठीत वागवायचा, त्याला चांगलं बघायचं. संध्याकाळी सगळे खडे एका घमेल्यात टाकायचे आणि ज्यानं त्यानं आपला हुडकायचा. मी हसलो. खडी ती खडी, एका सुरुंगाची. तरी हट्टानं एक खडा घेतला. संध्याकाळी पोरांनी भराभरा आपले उचलले. मी घमेल्यात हात घालून बसलो. सगळे सारखे. शेवटी कोंडीनं एक काढून माझ्यापुढं धरला.

"ह्यो तुमचा."

"कशावरनं गं?"

"ह्याला तुमच्या शिट्टीचा गंजका वास हाय. तुमच्या हातालाबी हाय."

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "सारखं म्हनायच्या आधी बघावं, मुकादम." हे वाक्य त्यांचं ठरलेलं होतं. पोरांना दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. मला ते फार लागलं.

हळूहळू वेगळंच सुरू झालं. पोरं संध्याकाळी पालात गेली की डोळे मिटून आईबापांचे हात धरायला लागली. एका पोरीनं आईला सांगितलं, "आये, तुज्या हातात ताप हाय." आई म्हणाली, काय न्हाई. सकाळी ती बाई फणफणून निजलेली. एका पोरानं चारचौघांत बापाचा हात धरला आणि म्हणाला, "ह्यो हात काल आयला लागलाय." बापाचं तोंड काळं पडलं. माणसं आपापल्या पोरांपुढं हात पाठीमागं घेऊन उभी राहायला लागली. हे मी डोळ्यांनी बघितलंय. मोठी माणसं, धिप्पाड गडी, पाच वर्षांच्या पोरांपुढं हात लपवताना. ह्या बाईला काहीतरी येतंय, असं दबक्या आवाजात बोलणं सुरू झालं.

आता माझं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मला एक मुलगी. भागू, तेव्हा सहा वर्षांची. तिच्या हातांवर कोड उठलं होतं. बोटांपासून कोपरापर्यंत पांढरं, दोन्ही हात. घरात माझ्या दोन बहिणी लग्नाच्या, भावकी नाकाची. कोडाचं घर असं नाव पडलं की दाराला कुणी फिरकत नाही. मी ठरवलं, कुणाला दिसू द्यायचं नाही. कामावर आलो तेव्हा मुकादमाचा मान म्हणून सगळ्यांपासून लांब, टेकाडावर खोप घातली. भिंतींना तुरकाठ्यांचा कुड, वर पाचट, दार माळाच्या बाजूला. भागूला दिवसभर आत ठेवायची. लोकांना सांगितलं होतं, पोर आजोळी आहे. ती रडायची नाही. मला वाटायचं, सवय झाली. तिच्या हातांकडं मी बघत नसे. जेवताना ती पुढं बसली की मी भाकरीकडं बघायचो.

एक दिवस जेवणाची सुट्टी झाली होती. बाराची वेळ. माणसं सावलीला आडवी झालेली, वारा बंद, पाखरू नाही. मी तलावाच्या भिंतीवर उभा राहून काम किती झालं ते बघत होतो. सहज टेकाडाकडं नजर गेली.

पोरांची एक रांग माझ्या खोपीकडं चालली होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. पुढच्याच्या सदऱ्याचं टोक मागच्याच्या हातात. तोंडातून अक्षर नाही, उन्हात तापलेल्या मुरमावरून अनवाणी, हळूहळू. सगळ्यांच्या पुढं बाई, त्यांचा पांढरा डोळा तेवढा उघडा दिसत होता. रांग कुडापाशी जाऊन थांबली. एकेक पोर पुढं होऊन भिंतीला हात लावायचं, जरा वेळ उभं राहायचं आणि बाजूला व्हायचं. मी खाली उतरून बाभळीआडून जवळ गेलो. पोरं भिंतीला हात लावत नव्हती. भिंतीतून एक हात बाहेर आला होता. पांढरा. चुन्यात बुडवून काढल्यासारखा, मनगटाच्या वर तुरकाठ्या आणि काळोख. तो हात एकेका पोराचा हात धरायचा, आणि सोडायचा.

माझ्या अंगावर काटा आला. मी ओरडलो, "भूत! भानामती!"

पोरांनी डोळे उघडले. हात सर्रकन आत गेला. मी धावत खोपीत शिरलो. भागू गोधडी गळ्यापर्यंत ओढून निजलेली. दुसरं कुणी नाही. बाहेर आलो तोवर माणसं जमली होती. मी सांगितलं, माझ्या खोपीच्या कुडातून मेलेल्या माणसाचा हात येतो आणि ही बाई भर बाराच्या वेळी पोरांचे हात त्याच्या हातात देते. बायांनी पोरं उचलली आणि छातीशी धरून पळाल्या. बाई माझ्याकडं बघत राहिल्या.

संध्याकाळी माझी बायको हिरा चुलीपुढं बसली होती. मी म्हणालो, उद्याच खोप हलवू, इथं काहीतरी वस्तीला आहे. तिनं फुंकणी खाली ठेवली.

"अवं, काय बगितलं तुमी?"

"सांगितलं की. हात."

"कुनाचा?"

"मला काय ठाऊक? मेल्या मानसाचा."

एवढ्या वर्षांत हिरा माझ्यापुढं कधी बोलली नव्हती.

"तुमच्या पोरीचा हात हुता त्यो. सा वर्सं झाली, तुमाला वळकू आला न्हाई, व्हय?"

मग तिनं सगळं सांगितलं. ती आपणहून बाईंकडं गेली होती, माझ्या चोरून. बाई म्हणाल्या, आधी हात बाहेर येऊ दे, मग पोर येईल. कुडातल्या तीन काठ्या हिरानंच मोडून वाट केली. पोरांनी डोळे मिटून यायचं, म्हणजे माझी अब्रूही राहील. महिनाभर हे चाललं होतं. पोरांना भागूचं नाव ठाऊक, तिचा हात ठाऊक. रंग तेवढा कुणी बघितला नव्हता.

खोपीच्या कोपऱ्यात भागू होती. दोन्ही हात काखेत दाबून बसलेली. मी तिच्याकडं बघितलं आणि बाहेर जाऊन बसलो.

सकाळी साहेब जीपमधून आले. सगळा कामगार जमला. बाई एका बाजूला, पायापाशी पत्र्याची पेटी.

"मुकादम, काय बघितलं तुम्ही?"

एक शब्द पुरे होता. माझी मुलगी, साहेब. एवढंच म्हणायचं होतं. समोर माझी भावकी उभी, नाम्याचा बाप उभा. माझ्या जिभेला ते वजन उचलवलं नाही.

"कुडातनं हात आला, साहेब. कुनाचा ते ठाऊक न्हाई."

साहेब बाईंकडं वळले. "बाई, कुणाचा होता?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. मला तेव्हा वाटलं, पांढऱ्या डोळ्यानंही दिसतं त्यांना.

"खोप मुकादमांची हाय," त्या म्हणाल्या. "त्यांना ठाऊक नसलं तर मी कोन सांगनार?"

साहेबांना काम बंद पडायला नको होतं. बाईंना सांगितलं, दुपारच्या यष्टीनं निघा. त्यांनी पेटी उचलली नाही. आधी घोंगडी सोडली, घडी घातली, बाभळीखाली ठेवली.

त्या दुपारी मी जेवलो नाही. खोपीत जाऊन कुडाला पाठ लावून बसलो. शेजारी भागू. भोकातून उन्हाची पट्टी आत आलेली. बाहेर चाहूल लागली. काठ्यांच्या फटीतून बघितलं तर पोरांची रांग. डोळे मिटलेले, सदऱ्याचं टोक धरलेलं. पुढं बाई नव्हत्या. त्यांना कुणी आणलं नव्हतं. आया निजल्या होत्या आणि पोरं आपली आपण उठून, मिटल्या डोळ्यांनी टेकाड चढून आली होती. मला भीती वाटली ती कालच्यापेक्षा जास्त. काल मी भुताला भ्यालो होतो.

रांग थांबली. एक लहान हात आत आला आणि हवेत चाचपायला लागला. भागू माझ्याकडं बघत होती, हलली नाही. मी का केलं सांगता येत नाही. मीच माझा हात भोकातून बाहेर घातला.

बाहेरच्या बोटांनी माझा अंगठा धरला, ती फुटलेल्या नखावरून फिरली, कुणीतरी तळवा हुंगला.

"ह्यो भागूचा न्हाई," कोंडीचा आवाज आला. "ह्यो मुकादमाचा हाय. गार पडलाय." आणि लगेच, "मुकादम, भागू कुठाय?"

मी हात आत घेतला. भागूला उचललं, दारातून बाहेर आलो आणि भर उन्हात पोरांपुढं तिला उभी केली. पोरांनी डोळे उघडले. नामा एक पाऊल मागं सरला. तिचे हात उन्हात एवढे पांढरे दिसत होते की माझ्याच डोळ्यांना सहन होईनात. भागूनं ते पाठीमागं घेतले. कोंडी तिच्याकडं बघत राहिली. खाली आया उठल्या होत्या, टेकाडाकडं बघत उभ्या होत्या. मला वाटलं, आता ही पोर ओरडली की संपलं.

कोंडीनं डोळे मिटले. हात पुढं केला. भागूनं हळूच एक हात पुढं आणला. कोंडीनं तो धरला, दाबला, उलटा-सुलटा चाचपला.

"भागूच हाय," ती म्हणाली. मग डोळे उघडून बघितलं. "आनि पांढरा बी हाय."

जसं गरम हाय, खरबरीत हाय, तसं. नामा पुढं झाला. मग सगळेच.

मी सडकेकडं बघितलं. बाई निघाल्या होत्या. निळं लुगडं उन्हाच्या पाण्यात पोचलं होतं, पाय आताच दिसेनासे झाले होते. हाक मारावी असं वाटलं. गळ्यात शिट्टी होती, तीही वाजवता आली असती. शेकडो माणसं माझ्या शिट्टीनं उठायची. मी वाजवली नाही. ती माझी खोड म्हणा, दुसरं काय म्हणा.

त्या दिवसानंतर भागू घोंगडीपाशी बसायला लागली. माझ्या बहिणींची लग्नं जरा उशिरा झाली, पण झाली. भागूला आता नातवंडं आहेत आणि सगळ्या वस्तीत तिच्या हातच्या भाकरीला नाव आहे. पण साहेबांपुढं जाऊन मी कधी सांगितलं नाही की त्या दिवशी खोटं बोललो. लोक म्हणत राहिले, देवीची बाई भानामती करायची, सडकेवर चालता चालता दिसेनाशी झाली, यष्टीत चढताना कुणी बघितली नाही. मी ऐकत राहिलो. आज लिहितो, यष्टी आली होती. धुरळा मी बघितला. माणूस होतं ते. भूत मी केलं.

पुढं नेवाशाच्या बाजूला दोनदा चौकशी केली. अनसूया नावाची, तोंडावर देवीचे वण असलेली बाई कुणाला ठाऊक नव्हती.

एवढंच राहिलं. यष्टीचा धुरळा सडकेवर उठला तेव्हा टेकाडावरून भागूनं दोन्ही हात वर केले होते. तेवढ्या लांबून, एका डोळ्यानं, बाईंना ते दिसले असतील असं कुणी म्हणणार नाही. पण निळं लुगडं थांबलं. तोंड दिसत नव्हतं, पाय नव्हतेच. हलत्या उन्हातून एक हात वर आला, मूठ मिटलेली, आणि तिच्या बाजूला फांदीसारखी करंगळी.

तो हात मी ओळखला.